ताप कितव्या दिवसाचा? अँटिबायोटिक मागण्याआधी करायची विचारपूस

पावसाळा लागला की सावंतवाडीतल्या आमच्या मेडिकलसमोर शटर वर जायच्या आधीच कुणीतरी उभं असतं. डोक्यावर प्लास्टिकची खोळ, डोळे तापाने जड. "गो बाय, माका ती तीन दिसांची गोळी दी. उद्या लावणीक जावचा आसा." तीन दिसांची गोळी म्हणजे अ‍ॅझिथ्रोमायसिन ५००. नाव ठाऊक नसलं तरी ती छोटी स्ट्रिप सगळ्यांच्या ओळखीची: रोज एक, तीन दिवस. मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. चिठ्ठीशिवाय ती गोळी मी देत नाही. पण नुसतं "नाही" म्हणून तापल्या माणसाला परत पाठवणंही पटत नाही, तो पुढच्या दुकानात जाणार. म्हणून आधी विचारते, ताप आला कधी? आज कितवा दिवस?

"झाले दोन-चार दिस," हे ठरलेलं उत्तर. आणि नेमका हाच दिवस माहीत असायला हवा. व्हायरल आजारात कुठलं औषध उपयोगी, कुठली तपासणी खरी येणार, धोका कधी, हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. तीच गोळी एका दिवशी माणूस वाचवते आणि दुसऱ्या दिवशी अपाय करते. तेव्हा घरात कुणाला ताप आला तर दिवस कसे मोजायचे आणि कुठल्या दिवशी काय करायचं, ते मी काउंटरवर सांगते तसंच इथे लिहिते.

आधी एक कागद घ्या

ताप ज्या दिवशी पहिल्यांदा जाणवला तो पहिला दिवस. रात्री थंडी वाजून आली असेल तरी तोच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. एका कागदावर रोज सकाळ-संध्याकाळ थर्मामीटरचा आकडा, ताप उतरवायची गोळी किती वाजता घेतली, आणि लघवी नेहमीसारखी होते का, एवढं लिहा. हात लावून "अंग तापलंय" म्हणणं डॉक्टरांच्या कामाचं नाही. १०० आणि १०३ मध्ये फार फरक आहे.

ताप आणि अंगदुखीसाठी पॅरासिटामॉल. मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही. यकृताचा आजार असेल किंवा रोजची दारू असेल तर डॉक्टरांना विचारून, त्याहून कमी. आणि सर्दीची जी रंगीत गोळी आपण सोबत घेतो, तिची मागची बाजू वाचा. तिच्यात बहुधा पॅरासिटामॉल असतंच. दोन्ही घेतल्या की नकळत दुप्पट डोस जातो.

मुलांच्या बाबतीत मी बाटली हातात देऊन पुन्हा पुन्हा सांगते, कारण चूक इथेच होते. मुलाचा डोस वयावर नाही, वजनावर: किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. १० किलोच्या बाळाला १०० ते १५० मिलिग्रॅम झाले. आता बाटल्या बघा. एका सिरपमध्ये ५ मिलिलीटरला १२५ मिलिग्रॅम असतात, दुसऱ्यात ५ मिलिलीटरला २५०, आणि ड्रॉप्समध्ये तर एकाच मिलिलीटरला १००. म्हणजे पहिल्यातलं ५ मिलिलीटर बरोबर, दुसऱ्यातलं अडीचच, आणि ड्रॉप्सची बाटली असेल तर जेमतेम एक-सव्वा. घरातला चमचा वापरू नका, बाटलीसोबतचं माप किंवा ड्रॉपरच वापरा. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला देताना आकडा न वाचता दिली, की तिप्पट-चौपट औषध पोटात जातं.

दुखण्याच्या बाकीच्या गोळ्या, म्हणजे आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, अ‍ॅस्पिरिन, मेफेनॅमिक अ‍ॅसिड, डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत बाजूला ठेवा. त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. (हृदयासाठी डॉक्टरांनी रोजची अ‍ॅस्पिरिन लावली असेल तर मात्र ती मनाने बंद करू नका, विचारा.) निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी जुन्या बाटल्या घराघरांत निघतात.

पहिले तीन दिवस

साधा व्हायरल ताप असेल तर या दिवसांत अँटिबायोटिकला करण्यासारखं काहीच नसतं. अँटिबायोटिक बॅक्टेरियाची भिंत मोडतं किंवा त्याची प्रथिनं बनवायची यंत्रणा बंद पाडतं. व्हायरसला ना तशी भिंत, ना स्वतःची यंत्रणा. तो आपल्याच पेशीत शिरून आपल्याच यंत्रणेवर वाढतो. औषधाला मारायला जागाच सापडत नाही.

मग "मागच्या वेळी त्याच गोळीने बरं वाटलं" हे काय? माणूस दोन दिवस ताप अंगावर काढतो, तिसऱ्या दिवशी गोळी घेतो, चौथ्या दिवशी ताप उतरतो. तो तसाही उतरणार होता. मार्च २०२३ मध्ये एच३एन२ फ्लूची साथ चालू असताना इंडियन मेडिकल असोसिएशनने डॉक्टरांना जाहीर विनंती केली होती, की या सर्दी-खोकला-तापात अँटिबायोटिक लिहू नका. ताप तीनेक दिवसांत जातो, खोकला मात्र तीन आठवडेही रेंगाळतो. हा तीन आठवड्यांचा आकडा ध्यानात ठेवा. ताप गेल्यावर राहिलेला खोकला घेऊन किती तरी माणसं दुसरं, मग तिसरं अँटिबायोटिक घेत बसतात. कफ पिवळा-हिरवा झाला म्हणजे बॅक्टेरिया आलाच, असंही नाही. आपल्या पांढऱ्या पेशी लढल्या की कफाला तो रंग येतो.

"घेतली तर बिघडलं काय" असं विचारणाऱ्यांना मी हे सांगते. जुलाब आणि पोटदुखी तर नेहमीचीच. अ‍ॅझिथ्रोमायसिनने काही जणांच्या हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, विशेषतः हृदयरोग असेल किंवा तसाच परिणाम करणारं दुसरं औषध चालू असेल तर. घशाच्या एका व्हायरल आजारात अमॉक्सिसिलिन घेतलं की अंगभर पुरळ उठतं आणि मग जन्मभरासाठी "मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी" असा शिक्का बसतो, खरी अ‍ॅलर्जी नसतानाही. आणि मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे: तो ताप खरोखर टायफॉइडचा निघाला, तर अर्धवट अँटिबायोटिक घेतल्यावर रक्ताच्या कल्चरमध्ये जंतू उगवतच नाही. डॉक्टरांना अंधारात चाचपडावं लागतं. विडाल तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइड पक्का, असंही समजू नका. ती दुसऱ्या तापांतही पॉझिटिव्ह येते.

लहान मुलांच्या जुलाब-उलट्यांचंही तेच. पाण्यासारखे जुलाब बहुतेक वेळा रोटासारख्या व्हायरसचे असतात. त्यावर ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलचं सिरप मागायला आई येते, कारण मागच्या वेळी कुणी तरी ते दिलेलं असतं. बाळाला लागतो तो ओआरएस, आणि झिंक: सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लीटर पाण्यात एकाच वेळी कालवायचं. अर्धं पाकीट पेल्यात टाकून अंदाजाने केलेलं पाणी कधी फार खारट, कधी नुसतंच गोड होतं. २०० मिलिलीटरचं छोटं पाकीटही मिळतं, बाळासाठी तेच सोयीचं. जुलाबातून रक्त पडलं तर गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरच.

खोकल्याच्या सिरपबद्दल दोन शब्द. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची मुलं विषारी डायएथिलीन ग्लायकोल असलेल्या सिरपने दगावली. त्यांतल्या कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणलं होतं. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्याने पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाचच्या आतल्यांनाही सहसा नकोत. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला चमचाभर मध चालतो, त्याआधी तोही नाही.

याच पहिल्या दिवसांत व्हायरसवरची खरी औषधं मात्र घाईने लागतात. फ्लूसाठी ओसेल्टामिव्हिर: मोठ्यांना ७५ मिलिग्रॅमची कॅप्सूल दिवसातून दोनदा, पाच दिवस, आणि पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर फायदा जास्त. २००९ मध्ये पुण्यात स्वाइन फ्लू पसरला तेव्हा हे नाव घरोघरी पोचलं. ते प्रत्येकाला लागत नाही. गरोदर बाई, ६५ च्या वरचे, अगदी लहान मुलं, दमा, मधुमेह, हृदय-किडनीचे रुग्ण यांनी मात्र फ्लूची साथ असताना तिसऱ्या दिवसाची वाट बघत घरी बसू नये. दुसरा असा आजार नागीण. अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन पट्ट्यात फोड उठले, की ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा. असायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस, असा तो कोर्स असतो. लोक आधी मंत्राने नागीण उतरवणाऱ्याकडे जातात, पाचव्या दिवशी दुकानात येतात. तोवर औषधाची सगळ्यात चांगली वेळ निघून गेलेली असते, आणि त्या जागेची ठणक महिनोन् महिने पाठ सोडत नाही.

आमच्याकडचा अपवाद: चिखलातला ताप

आता भातलावणीवाल्यांकडे येते, कारण वरचं सगळं त्यांना जसंच्या तसं लागू केलं तर जीव जाईल.

सिंधुदुर्गात जून ते ऑक्टोबर ताप आला आणि माणूस चिखलात, शेतात, गोठ्यात उघड्या पायांनी वावरलेला असेल, तर तो ताप व्हायरल धरून घरी बसायचं नाही. लेप्टोस्पायरोसिस हा उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात आणि तिथून पायाच्या चिरांतून अंगात येणारा बॅक्टेरिया आहे. सुरुवात अगदी व्हायरलसारखी: ताप, डोकं, अंगदुखी. पण पोटऱ्या दाबल्या की माणूस ओरडतो, डोळे लाल होतात पण चिपडं येत नाहीत. पुढे लघवी कमी होणं आणि डोळे पिवळे होणं म्हणजे उशीर झाला. इथे अँटिबायोटिक पाहिजे आणि लवकर पाहिजे. डॉक्टर साधारणपणे डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, सात दिवस देतात. आजार जास्त असला तर दवाखान्यात शिरेतून पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन. रक्तातली आयजीएम तपासणी (जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिनं शोधणारी) पहिल्या चार-पाच दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून जाणता डॉक्टर रिपोर्टसाठी थांबत नाही. त्यांना थांबू न देण्यासाठी तुम्ही एक वाक्य स्वतःहून बोलायचं: "मी चिखलात काम करतंय, आणि पायाक जखम आसा." हे वाक्य न बोलल्यामुळे व्हायरलचं औषध घेऊन परतलेली माणसं मी पाहिली आहेत.

लेप्टोचे रुग्ण सापडलेल्या वाड्यांवर आरोग्यसेविका आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीच्या गोळ्या वाटतात. त्या प्रतिबंधाच्या; गरोदर बायकांना आणि आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. आणि ताप आल्यावर त्याच उरलेल्या दोन गोळ्या घेऊन भागत नाही.

डॉक्सी घ्यायचीही रीत आहे. जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत, बसून किंवा उभं राहून. घेतल्यावर अर्धा तास तरी आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्याने गिळून झोपलं की गोळी अन्ननलिकेत चिकटते आणि तिथे व्रण पडतो. मग छातीत एवढं दुखतं की माणूस हार्ट अटॅक समजून दवाखाना गाठतो. दूध, अ‍ॅसिडिटीचं औषध, लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी दोन-तीन तास लांब ठेवा.

विदर्भात, नागपूरकडे, २०१८ च्या पावसाळ्यात बारीक किड्याच्या चाव्यातून येणाऱ्या स्क्रब टायफसने असाच चकवा दिला होता. तोही बॅक्टेरियाच, त्यालाही डॉक्सीच. काखेत, जांघेत, कमरेच्या गोफाखाली सिगारेटच्या चटक्यासारखा काळा खपला आहे का ते घरच्यांनी दिव्यात नीट बघायचं, कारण तो दुखत नाही आणि रुग्णाला स्वतःला कळत नाही.

उलट दोडामार्ग-बांद्याच्या काजूबागांत जानेवारी ते मे येणारा माकडताप हा व्हायरल. २०१६ मध्ये आपल्या जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली होती. गोचिडीतून येतो, त्यावर नेमकं औषध नाही, अँटिबायोटिकचा उपयोग नाही. पण रक्तदाब, रक्तस्राव यांवर लक्ष ठेवायला दाखल व्हावं लागतं. काहींना ताप जाऊन आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा येतो. बागेत गेला होता, मेलेलं माकड दिसलं होतं, हे डॉक्टरांना सांगा.

ताप उतरला त्या दिवशी

तिसऱ्या दिवशीही ताप असेल तर डॉक्टर आणि रक्ताची साधी तपासणी. डेंग्यूची एनएस१ तपासणी (रक्तात व्हायरसचंच प्रथिन शोधणारी) पहिल्या पाच दिवसांत कामाची, त्यानंतर आयजीएम. सातव्या दिवशी एनएस१ करून "डेंग्यू नाही" म्हणून निर्धास्त झालेली घरं आहेत. लॅबवाला दिवस विचारत नसेल तर तुम्ही सांगा.

डेंग्यूत धोक्याचा काळ ताप असताना नसतो, ताप उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. ताप गेला म्हणून माणूस कामाला जातो आणि तेव्हाच रक्तवाहिन्यांतलं पाणी बाहेर झिरपायला लागतं. ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांत पोटात जोराचं दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, हात-पाय गार, चिडचिड किंवा गुंगी, चार-सहा तास लघवी नाही, यांतलं एकही दिसलं तर रात्र बघायची नाही. प्लेटलेटच्या आकड्याकडेच सगळं घर बघत असतं. ८० हजारांचे ६० हजार झाले म्हणून कुणी पिशवी चढवत नाही. रक्तस्राव नसेल तर डॉक्टर साधारण १० हजारांखाली गेल्यावर तो विचार करतात. पपईच्या पानांच्या कडू रसाने उलटी होत असेल तर तो बंद करा. पेज, ताक, शहाळं, ओआरएस, जे पोटात टिकतं ते द्या.

डेंग्यूत अँटिबायोटिक नाही, स्टिरॉइडही नाही.

गेलेला ताप परत आला

आता अँटिबायोटिकची खरी जागा. व्हायरल बरा होत आला, दोन दिवस ताप नव्हता, आणि मग पुन्हा भरून आला: ही खूण मी सगळ्यांना सांगते. फ्लूने श्वासनळीचं आतलं अस्तर सोललं जातं आणि त्या जागी बॅक्टेरिया बसतो. सर्दीचंही तसंच. दहा दिवसांनंतरही नाक-गाल दुखतायत, किंवा कमी होऊन पुन्हा वाढलं, तर सायनसला बॅक्टेरिया असू शकतो. कान ठणकून पू आला, घसा धरला पण खोकला-सर्दी नाही, गळ्याच्या गाठी सुजल्यात आणि टॉन्सिलवर पांढरं आहे, लघवीला जळजळ आणि थंडी वाजून ताप, या सगळ्यांत डॉक्टर अँटिबायोटिक लिहितील आणि ते घ्यायलाच हवं. माझा राग अँटिबायोटिकवर नाही. न्यूमोनियाच्या बाळाला अमॉक्सिसिलिन वेळेवर मिळालं तर बाळ वाचतं.

न्यूमोनिया ओळखायला आईला मशीन लागत नाही. बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, अंगावरचा कपडा वर करून पोट बघा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो वेगाचा श्वास. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर आकडाही मोजत बसू नका, निघा. मोठ्या माणसाला बोटाचा ऑक्सिमीटर लावून ९४ च्या खाली आकडा टिकत असेल तर दवाखाना. बोटावर नेलपॉलिश किंवा मेंदी नको, हात गार असेल तर चोळून गरम करून लावा.

दुसऱ्या आजाराची गोळी

नवा व्हायरस आला की जुन्या औषधांची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. नवं औषध बनायला वर्षं जातात. जुनं औषध दुसऱ्या कामाला लागतं का हे तपासलं पाहिजे, एवढंच. कोविडमध्ये त्याच्या दोन्ही बाजू आम्ही काउंटरच्या आतून पाहिल्या.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन संधिवात आणि ल्यूपसचं औषध. मार्च २०२० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) आरोग्यसेवकांसाठी आणि रुग्णांच्या घरच्यांसाठी ते प्रतिबंध म्हणून सुचवलं, आणि लगेच सगळ्यांनाच हवं झालं. दर महिन्याला माझ्याकडून त्याच गोळीची पाकिटं नेणारी संधिवाताची एक मावशी बोटं आखडलेल्या हाताने चिठ्ठी धरून उभी होती आणि कपाट रिकामं होतं. होलसेलरकडे नाही, कुडाळला नाही, गोव्यात नाही. ज्यांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता त्यांच्या घरी ती पाकिटं पडून होती. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या सॉलिडॅरिटी चाचणीने दाखवलं, की दाखल रुग्णांना त्याचा फायदा नाही. सॉलिडॅरिटीचं भारतातलं काम पुण्याच्या नारी या एड्स संशोधन संस्थेतून चालत होतं. रिकव्हरीने अ‍ॅझिथ्रोमायसिनही तपासलं. तेही निरुपयोगी.

आयव्हरमेक्टिनची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. हे मोठं औषध आहे, ते शोधणाऱ्यांना २०१५ चं नोबेल मिळालं. जंतांवर, खरजेवर ते चालतं. हत्तीरोगाच्या मोहिमेत नागपूर जिल्ह्यात २०१९ मध्ये ते तिहेरी औषधात दिलं गेलं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळेत ते बशीतल्या कोरोनाला मारताना दिसलं. पण तिथे वापरलेलं प्रमाण माणसाच्या रक्तात नेहमीच्या डोसने येतं त्याच्या कितीतरी पट होतं. १० मे २०२१ ला गोव्याच्या आरोग्यमंत्र्यांनी १८ वर्षांवरच्या सर्वांना १२ मिलिग्रॅम पाच दिवस देण्याचं जाहीर केलं, आणि गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे आमच्याकडेही मागणी सुरू झाली. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच्या आधीच, मार्चअखेरीस, चाचणीबाहेर ते वापरू नका असं सांगितलेलं होतं. पुढे ब्राझीलमध्ये १,३५८ रुग्णांवर नीट तुलना झाली; दाखल व्हावं लागणाऱ्यांचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या राष्ट्रीय मार्गदर्शनातूनही ते वगळलं गेलं. फॅविपिरावीर (मुळात फ्लूसाठी बनलेलं औषध) तर २०० मिलिग्रॅमच्या गोळ्यांत पहिल्याच दिवशी १८ घ्यायच्या होत्या. स्ट्रिपा संपत, आजार आपल्या गतीने जाई.

आणि मग डेक्सामेथासोन. काही रुपयांची जुनी स्टिरॉइडची गोळी. जून २०२० मध्ये रिकव्हरीचे आकडे आले: व्हेंटिलेटरवरच्या शंभरांत ४१ दगावत होते, डेक्साने ते २९ झाले. नुसत्या ऑक्सिजनवर असलेल्यांत २६ चे २३. पण ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता, त्यांच्यात साध्या उपचाराने १४ आणि डेक्साने जवळपास १८. हा शेवटचा आकडा फार थोड्या लोकांनी वाचला. पहिल्या आठवड्यात व्हायरस वाढत असतो, तेव्हा स्टिरॉइडने शरीराचे हात बांधले जातात. नंतर शरीराचाच भडका फुप्फुस जाळतो, तेव्हा तोच स्टिरॉइड वाचवतो. दुसऱ्या लाटेत लोकांनी तापाच्या दुसऱ्या दिवसापासून घरी स्टिरॉइड घेतलं. साखर चढली, आणि त्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात हजारो माणसांना म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) झाला. डोळे गेले, जबडे काढावे लागले.

आजही व्हायरल तापात अंग मोकळं व्हावं म्हणून प्रेडनिसोलोन किंवा डेक्साचं इंजेक्शन कुठे कुठे दिलं जातं. त्या दिवशी बरं वाटतं, म्हणून माणूस तेच पुन्हा मागतो. इंजेक्शन घ्यायच्या आधी "यात स्टिरॉइड आहे का" असं विचारा आणि मधुमेह असेल तर आवर्जून सांगा.

पुढच्या साथीत मोबाइलवर एखाद्या जुन्या गोळीचा निरोप आला, तर बघायचं ते हे: बशीत तपासलं की माणसांत? गोळी न घेतलेली तशीच माणसं तुलनेला होती का? आणि आजाराच्या कुठल्या दिवशी दिली? तिसऱ्याचं उत्तर निरोपात कधीच नसतं.

चिठ्ठी हातात आल्यावर

डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नका: "हे कुठल्या बॅक्टेरियासाठी वाटतंय? आज सुरू करू की दोन दिवस बघून?" कित्येक डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात आणि सांगतात, परवापर्यंत उतरला नाही तर घ्या. तेव्हा चिठ्ठी घरी ठेवा, औषध विकत घेऊ नका. कल्चरनंतर डॉक्टर म्हणाले बंद करा, तर बंद; आपल्या मनाने मध्येच सोडायचं नाही आणि वाढवायचंही नाही.

स्ट्रिपवर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीशिवाय मिळायचं औषध नाही. सेफिक्सिम, लेव्होफ्लॉक्सासिन यांसारख्या काहींवर लाल चौकटीतला इशारा असतो. ती एच१ यादीतली, म्हणजे विक्रीची नोंद ठेवावी लागते अशा औषधांच्या सरकारी यादीतली. त्यांच्यासाठी मला वहीत तुमचं आणि डॉक्टरांचं नाव, औषध, नग लिहून ती वही तीन वर्षं ठेवावी लागते. "नाव कशाक होया?" म्हणून लोक चिडतात. २०१४ पासूनचा नियम आहे, आणि तो असावा असंच मला वाटतं; शेवटी उरलेली अँटिबायोटिकं फार थोडी आहेत.

मुलांचं पावडरचं सिरप घेतलंत तर बाटली आधी उलटी करून ठोका, पावडर सुटी होऊ द्या. उकळून गार केलेलं पाणी रेघेच्या निम्म्यापर्यंत, हलवा, मग रेघेपर्यंत, पुन्हा हलवा. फेस बसल्यावर पातळी खाली गेली तर थोडं पाणी अजून. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट फ्रिजमध्ये आणि सात दिवसांत संपवायचं. आठव्या दिवशी उरलेलं धाकट्याच्या पुढच्या तापासाठी ठेवायचं नाही. बाटलीवर कालवल्याची तारीख पेनाने लिहा. आमच्याकडून नेताना विसरलात तर मला सांगा, मी लिहून देते.